जलद गाडीनं गेलेला तांडा

"आजी, तुमच्या बैलांनी पाच मुक्काम गिळलेत," सायली फोनवर म्हणाली.

राळेगावजवळच्या आमच्या तांड्यावर मी अंगणात खाट टाकून प्रूफं तपासत बसले होते. प्रूफं म्हणजे छापायच्या आधी लेखकाकडे येणारी पानं. सायली पुण्याची चित्रकार, वय पंचविशीच्या आतबाहेर. मी किशोरवयीन मुलांसाठी फँटसी लिहिते. नसलेला देश, नसलेले राजे आणि अगदी घरच्यासारखी भांडणं. झिमली नावाच्या पोरीची तीन पुस्तकांची मालिका होती. तिसऱ्या, शेवटच्या पुस्तकात पहिल्या पानावर नकाशा हवा असं प्रकाशकांनी ठरवलं, आणि तो सायली काढत होती.

"कोणते पाच?" मी विचारलं.

"दुसऱ्या पुस्तकात कोळसाडोंगर ते मीठदरवाजा या वाटेवर नऊ मुक्काम आहेत. मुक्काम म्हणजे एक दिवसाची चाल, असं तुम्हीच लिहिलंय. आता तिसऱ्यात झिमली चारच मुक्काम करून पोचते. मी ठिपके कुठे देऊ?"

मी पानं उलटली. पोरगी बरोबर बोलत होती. मग कोणते मुक्काम राहिले आणि कोणते गळाले ते पाहिलं, आणि मला इतकं हसू आलं की प्रूफं खाटेवरून खाली गेली.

पेन्शन लागायच्या आधी मी एसटी डेपोत टाइमटेबलच्या टेबलावर होते. माझा जादूचा देश म्हणजे आमचा यवतमाळ जिल्हाच, फक्त नावं बदललेला. कोळसाडोंगर म्हणजे वणी. मीठदरवाजा म्हणजे ढाणकीचा बाजार. आणि गळालेली पाच गावं? तिथं जलद गाडी थांबत नाही! लदेणीचा तांडा, म्हणजे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून देशभर माल पोचवणारे आमचे वाडवडील, त्या बंजाऱ्यांना मी बिनधास्त जलद गाडीनं पाठवून दिलं होतं.

तशी ही बाई, म्हणजे मीच, पहिल्यापासूनच हुशार. पंचविशीत तिनं पहिली कादंबरी लिहिली, तीत बर्फाचा राजवाडा होता. बर्फ कुठं पाहिला होता तिनं? पाहिला होता सरकी काढायच्या जिनिंगमधला कापूस. म्हणून तिच्या बर्फात राजपुत्र शिंकत फिरायचा. ती कादंबरी कोणी छापली नाही, देव भलं करो त्यांचं.

"मग चाराचे नऊ दिवस करा ना," सायली म्हणाली.

तेच तर होईना. दुसऱ्या पुस्तकाची शेवटची ओळ अशी: "मीठदरवाजा मिटायला चार दिवस उरले होते." लिहिली तेव्हा मी तरुण होते, अवघी चौसष्टची. वाचणाऱ्याचा श्वास अडकावा म्हणून ठोकून दिली. पोरांचा श्वास अडकला, पण आता माझाही. ते पुस्तक घरोघरी जाऊन पडलेलं, त्यातला शब्द हलवता येत नव्हता. झिमली वेळेत पोचली नाही तर दरवाजा मिटणार, आत कोंडलेला तिचा सगळा तांडा मिठाचा होणार, आणि तीन पुस्तकांचा खेळ खलास.

थोड्या वेळानं संपादक मंदारचा फोन. त्यालाही कळलं होतं.

"मॅडम, सोमवारी फाइल प्रेसला जायलाच हवी. नाहीतर सुट्ट्या हुकतील. मी सुचवू का? एखादा उडता बैल टाका."

"उडता बैल?"

"फँटसी आहे हो. कोण विचारतंय?"

विचारणारी माझ्या समोरच बसली होती. माझी नात खुशी, नववीतली, चिवडा खाता खाता सगळं ऐकत होती.

"दादी, चीटिंग आहे ते," ती म्हणाली. "तूच लिवलं ना, मंतराले वजन असते म्हणून? मंग बैल उडन कसा? मी तं वाचनच नाही."

"ऐकलंत मंदार?"

"ऐकलं," मंदारचा आवाज खाली आला.

आमच्या धंद्यात याला मॅजिक सिस्टम म्हणतात. जादू काय करू शकते आणि काय नाही, याचा कायदा. लेखकानं तो एकदा केला की स्वतः पाळायचा. मोडला तर मोठे लोक सोडून देतात, तेरा-चौदा वर्षांची पोरं सोडत नाहीत. माझा कायदा असा: प्रत्येक मंत्राला वजन आहे. तो गोणीत भरून, बैलावर लादून न्यावा लागतो. मंत्र जेवढा मोठा, तेवढी गोणी जड.

शुक्रवार गेला. शनिवारी सकाळी मी वाटेत नदी घातली, खोडली. शॉर्टकटचा घाट घातला, तोही खोडला. खुशी येता-जाता विचारायची, "पोचली का वं झिमली?" आणि मी तिला पाणी आणायला पिटाळायची.

दुपारी पुन्हा सायली. "आजी, तुमचं ठरेपर्यंत मी नकाशाचा कोपरा सजवतेय. तिथं बैलांची रांग काढते. गोण्या भरलेल्या दाखवू की बैल रिकामे?"

मी ताडकन उठून उभी राहिले.

"आजी? ऐकू येतंय ना?"

"रिकामे! सायली, रिकामे काढ! फोन ठेव आता."

"अहो, पण काय झालं?"

मी फोन कापला. रिकामा बैल कसा पळतो हे संध्याकाळी शेताच्या वाटेवर कोणीही पाहावं. नऊ दिवसांची चाल भरलेल्या बैलांची होती! झिमलीला पोचायचं असेल तर गोण्या टाकाव्या लागणार. उडायची गरज नव्हती, कायदाही शाबूत. पण टाकणार म्हणजे जादूच टाकणार. जिच्या जोरावर ती लढायला निघाली, तीच वाटेवर सांडत जाणार. मी लगेच लिहायला बसले.

पहिल्या मुक्कामाला तिनं आगीचा मंत्र टाकला. दुसऱ्याला पावसाचा. मुक्कामागून मुक्काम मागे पडायला लागले, तसे बैल दुडक्या चालीनं निघाले आणि त्यांच्यामागे मी. शेवटी एकच गोणी उरली, सगळ्यात जड. तिच्यात झिमलीच्या मेलेल्या याडीचा, म्हणजे आईचा, आवाज भरलेला होता. मी थांबले. चहा केला, तो तसाच निवला. मग झिमलीकडून ती गोणी खाली ठेववली.

शेवटच्या लढाईची बारा पानं आता फुकट होती. विजा, गडगडाट, फुटणारे डोंगर, एकेक विशेषण वजनदार. मी ती निवडून डिलीट केली, आणि सांगते, फार मजा आली. कारण माझ्या मीठदरवाजावर प्रत्येक गोणी तोलून घेणारा पहारा होता. भरलेल्या बैलांना त्यानं आत सोडलंच नसतं! पहारेकऱ्यानं रिकामे बैल पाहिले, दमलेली पोरगी पाहिली, तो हसला आणि त्यानं दार उघडलं. दीड पान.

रविवारी नवी पानं पुण्याला गेली. मंदारनं वाचून फोन केला.

"मॅडम, उडत्या बैलाचं मी कधी बोललोच नव्हतो."

"कोणता बैल?" मी म्हणाले.

खुशीनं ती पानं ओट्यावर बसून वाचली. वाचून झाली तशी उठली आणि घरात निघून गेली. जेवायला आली तरी माझ्याकडे पाहीना.

"काय झालं वं?"

"याडीची गोणी काहून टाकली तिनं?" डोळे लाल, आवाज चढलेला. "दुसरं काही टाकता नसतं आलं तुले?"

"बैल पोचला नसता बेटा."

"मले माहीत आहे ते!" ती ओरडली, आणि माझ्या ताटातली भाकर उचलून घेऊन गेली.

मी तशीच बसले, मनातल्या मनात नाचत.

पुस्तक सुट्ट्यांच्या आधी आलं. सायलीच्या नकाशावर नऊच्या नऊ ठिपके आहेत. फँटसी लिहू पाहणाऱ्यांना माझा एकच सल्ला: पहिली ओळ लिहायच्या आधी नकाशा काढून घ्या. माझ्या नव्या कादंबरीची सात प्रकरणं झाली आहेत. नकाशा अजून काढलेला नाही.