माग बंद पडला, पॉडकास्ट चालूच राहिला

ऑफिसात नवीन आलेली मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात, मॅडम, प्रोग्रॅमिंगचे चांगले पॉडकास्ट सांगा ना. मी सांगते. ज्यात बोलणारा पहिली दहा मिनिटं स्वतःच्याच विनोदांवर हसतो, तो बंद करा. ज्यात कुणीतरी कंपनीचा अख्खा डेटाबेस आपल्या हातानं कसा उडवला आणि घामाघूम होऊन परत कसा उभा केला हे सांगतं, तो शेवटपर्यंत ऐका. पुस्तकात ते मिळत नाही. एवढं सगळं सांगते. एका पॉडकास्टपायी माझा डावा कान गेला, हे मात्र सांगत नाही.

सोलापुरात, पूर्व भागात, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत चार यंत्रमाग होते. वडील तरुणपणी मेंढरं विकून गावाकडून आले आणि टॉवेल विणायला शिकले. माग चालू असले की आमच्या घरात बोलणं म्हणजे किंचाळणंच. जेवायला या, गॅस बंद कर, कुठं मेलीस, सगळं एकाच पट्टीत. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकून घरी बसले होते आणि दिवसभर कांड्या भरायचे, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायचे. हात कामात, डोकं रिकामं. इअरफोन केव्हाच तुटले होते, म्हणून फोनच ओढणीखाली कानाशी घट्ट बांधायचे, आवाज पूर्ण वर. चार मागांच्या खडखडाटात तो माझ्याशिवाय कुणालाच ऐकू जायचा नाही. त्या सोमवारी पुण्याच्या एका कंपनीची फोनवर मुलाखत होती. ती जमली तर सुटका, नाहीतर नातेपुत्याचं एक स्थळ घरच्यांनी पक्कं करत आणलंच होतं.

शनिवारी दुपारी लाइट गेली. माग एका झटक्यात थांबले. आणि त्या शांततेत माझ्या ओढणीतून, भर घरात, एका पुरुषाचा आवाज घुमला, "तो फिर मिलते हैं अगले शुक्रवार. तब तक अपना खयाल रखना."

मोठा भाऊ मागाजवळ उभा होता. तो चालत आला नाही, उडी मारूनच आला.

"कोन हाय त्यो?"

"पॉडकास्ट हाय दादा, कॉम्प्युटरचा. रेडिओवानी असतंय."

"रेडिओवाला तुला खयाल ठेव म्हनतोय व्हय? शुक्करवारी कुटं भेटनार हाईस त्याला?"

मला हसू आलं. तेच नडलं. त्यानं ओढणीसकट वेणी धरून मला फरशीवर पाडलं, फोन हिसकावला आणि मागाच्या पान्यानं ठेचून ठेचून त्याचा चुरा केला. मी उठून त्याच्या अंगावर गेले तेव्हा आईनं मागून माझे दोन्ही हात धरले. "बाप्याचाच आवाज हाय की गं," असं ती रडत रडत म्हणत होती. वहिनी माहेरी कुर्डुवाडीला गेलेली, नाहीतर निदान एक माणूस तरी मध्ये पडलं असतं. भावानं धोटा उचलला. मागात दिवसभर इकडून तिकडे धावणारा तो लाकडाचा तुकडा, दोन्ही टोकांना लोखंडाची टोपी असलेला. तो त्यानं सगळी ताकद लावून माझ्या डाव्या कानशिलात हाणला.

डोळ्यांपुढं अंधारी आली. मी आईला झटकलं आणि त्याच्या मनगटात दात रुतवले, रक्ताची चव येईपर्यंत. मग तोच पाना उचलून त्याच्या गुडघ्यावर घातला. तो बोंबलत खाली बसला. त्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

तेवढ्यात लाइट आली. वडील इतका वेळ भिंतीकडे तोंड करून उभे होते. ते वळले आणि त्यांनी एकेक करून चारही माग चालू केले. भाऊ उठून पुन्हा माझ्यावर आला होता, मी ओरडत होते, आणि ते माग चालू करत होते, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. मारणाऱ्यापेक्षा मला त्यांचाच राग जास्त आला. अजून येतो.

रविवारी आईनं तिचा बटणांचा फोन माझ्या कांड्यांच्या टोपलीत आणून ठेवला. सिमकार्ड मी चुऱ्यातून शोधून काढलं होतं. सोमवारी गच्चीवर, डाव्या कानात कापूस कोंबून, फोन उजव्या कानाला लावून मी मुलाखत दिली. विचारलेल्यातलं निम्मं मला कांड्या भरतानाच कळलेलं होतं. नोकरी मिळाली आणि मी एका पिशवीनिशी निघाले.

पुण्याच्या डॉक्टरांनी कान तपासला. आतलाच मार आहे, आता काही परत येणार नाही, म्हणाले. काही पॉडकास्टमध्ये दोघांचे आवाज दोन कानांत वेगवेगळे येतात. मला त्यातला एकच माणूस ऐकू येतो. तो उत्तरं देत राहतो आणि प्रश्न काय होता ते माझं मला ओळखावं लागतं. असे पॉडकास्ट मी कुणाला सुचवत नाही.

गेल्या महिन्यात भावाचा फोन आला. बोलणं होतं आमचं, कामापुरतं. त्याची मुलगी सातवीत आहे आणि तिला कॉम्प्युटरचं वेड लागलंय.

"तू ऐकायचीस तसलं कायतरी तिला सांग की," तो म्हणाला. मला क्षणभर खरंच बरं वाटलं. मग म्हणाला, "पन बाईच बोलनारी असंल असं बघ. बाप्याचा आवाज न्हाय पायजे घरात."

"बायकांचे चांगले आहेत," मी म्हटलं, "पण मी तिला सगळेच पाठवणार. पुरुषांचे पण."

तो ओरडायला लागला, तोच जुना मागावरचा आवाज. मी फोन डाव्या कानाला लावला आणि खिडकीबाहेर बघत उभी राहिले. बराच वेळ. मग पुन्हा उजव्या कानाला घेतला. तो थांबला होता, नुसता श्वास ऐकू येत होता.

"पोरीला दे फोन," मी म्हटलं.