दोम्नाची रविवारची शिकवणी

ऊलाशी लग्न करून दोम्ना त्याच्या घरी आली, तेव्हा तिने एकच हट्ट धरला. "मी तुमची भाषा बोलणार नाही. तुम्ही माझी कुठे बोलता?" दोघेही सामीच, फिनलंडच्या उत्तर टोकाला रेनडिअर पाळणारे, पण ती स्कोल्ट सामी, तो उत्तर सामी, आणि एकाची भाषा दुसऱ्याला कळायची नाही. तिच्या कोपऱ्यात ऑर्थोडॉक्स संतांच्या तसबिरी, त्याच्या फळीवर लुथरन प्रार्थनांचं पुस्तक. संसार फिनिशमध्ये चालायचा. भांडणंही फिनिशमध्येच, त्यामुळे ती फारशी रंगत नसत.

दर रविवारी ऊलाची थोरली बहीण बिरेत कॉफीला यायची. दोम्नाच्याच टेबलाशी बसून भावाला आपल्या भाषेत सांगायची, "हिचा रस्सा म्हणजे मोजे धुतलेलं पाणी. आणि सदा उपास! बायको केलीस की जोगीण?" ऊला चोरट्या नजरेने बायकोकडे बघायचा. दोम्ना गोड हसून विचारायची, "वन्सं, साखर घालू?"

अशी कैक वर्षं गेली.

एका नोव्हेंबरात रेनडिअर कुंपणात घालायच्या दिवशीच ऊलाचा घसा बसला. तोंड उघडलं की नुसती हवा. सगळं गाव जमलेलं, बिरेतही होती. कळप कुंपणाच्या तोंडाशी आला आणि ऊलाचा कुत्रा चाप्पे भलत्याच बाजूने धावला. रेनडिअर बिथरून वळले ते थेट तळ्याकडे, आणि तळ्यावरचा बर्फ अजून पापडाइतका पातळ! ऊला हातवारे करत राहिला. दोम्ना स्कोल्टमध्ये ओरडली, फिनिशमध्ये ओरडली. चाप्पेने कानसुद्धा हलवला नाही. शेवटी तिने नवऱ्याच्या भाषेत आरोळी ठोकली, "डावीकडून ये, मेल्या! तळ्याच्या अंगाला! डोळे काय घरी ठेवून आलास?"

चाप्पे गर्रकन वळला. कळप कुंपणात शिरला. पण कळपाकडे कोण बघतंय? सगळे दोम्नाकडे बघत होते. एकही शब्द अडखळला नव्हता, आणि हेल तर हुबेहूब बिरेतचा.

"हिला... हिला कधीपासून येतं?" बिरेतचा चेहरा बिटासारखा झाला.

"दर रविवारी शिकवणी होती की, वन्सं," दोम्ना म्हणाली. "तीही फुकट."

त्यानंतर बिरेत येईना. पहिल्या रविवारी दोम्नाला बरं वाटलं. पुढे मात्र ऊलासमोर बसून त्याचं कॉफी ढवळणं ऐकता ऐकता तिला घर खायला उठलं. एवढ्या वर्षांत त्या घरात बोलणारं माणूस ते एकच होतं.

नाताळ तोंडावर आला असताना बिरेत दारात उभी राहिली. "धुरी दिलेली जीभ आणलीय. रेनडिअरची."

"नाताळपर्यंत मांस बंद आहे, वन्सं."

बिरेतचं तोंड उघडलं आणि मिटलं.

"बोला की. पोटात ठेवलंत तर दुखेल."

"कॉफी तरी चालते ना तुमच्या देवाला?"

दोम्नाने कॉफी ओतली. बिरेतने घोट घेतला आणि थेट तिच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "पातळ आहे."

दोम्नाला इतकं हायसं वाटलं की तिने एप्रन काढून ठेवला, खुर्ची ओढली आणि नणंदेच्या भाषेत म्हणाली, "मग उठा. चूल तिकडे आहे."