अंजिरी साडीची भोकं

मला राग आला की मी तो जपून ठेवते. आरडाओरडा करणाऱ्यांपैकी मी नव्हे. वेळ येईपर्यंत थांबते.

सत्तर सालाच्या आसपास लग्न होऊन मी मुलुंडला आले, तेव्हा माहेरच्या सामानात माझा जीव एकाच वस्तूत होता. आईची अंजिरी रंगाची रेशमी साडी. मी बारा वर्षांची असताना आई गेली. तिचं म्हणून माझ्याकडे तेवढंच होतं.

दोन खोल्यांत आम्ही चौघं. मी, नवरा, सासूबाई आणि कॉलेजात जाणारी नणंद. एका दुपारी मी बाजारातून आले, तर ती साडी खांद्यावर टाकून नणंदबाई आरशासमोर उभ्या! मी रागावले नाही. उलट म्हटलं, "तुला बघायला येतील ना, तेव्हा हीच नेस." केवढी हरखली ती.

साडी जुन्या धोतरात गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत असायची. डांबरगोळ्यांनी जरीचे काठ काळे पडतात म्हणून गोळ्या घालायच्या नाहीत, रेशीम धुवायचं नाही, नुसतं वाऱ्यावर टाकून घडी करायची, हे आमच्याकडचे नियम. चैत्रातल्या हळदीकुंकवाला मी ती नेसले. मांडीवर थोडं पन्हं सांडलं. ओल्या फडक्याने पुसलं आणि साडी ट्रंकेत ठेवून दिली.

ट्रंकेच्या वर भिंतीवर सासऱ्यांचा फोटो पुढे कलता टांगला होता आणि त्याच्यामागे चिमण्यांचं घरटं होतं. सासूबाई म्हणायच्या, "घरट्याक हात लावू नको गो. पिल्लां झाली काय घरात पाळणो हलता." लग्नाला तीन वर्षं होत आली होती आणि आमचा पाळणा काही हलला नव्हता. त्यामुळे घरट्याची सगळ्यात मोठी राखणदार मीच. पिसं आणि काड्या ट्रंकेवर पडायच्या, त्या मी झाडून टाकायची. नवऱ्याला फोटोवरची धूळसुद्धा पुसू द्यायची नाही.

मार्गशीर्षात नणंदेला बघायला घाटकोपरहून माणसं येणार असं ठरलं. आदल्या दिवशी मी साडी उलगडली, तर मांडीवर येतो त्या भागात मोहरीएवढी भोकं. दहा-बारा तरी होती. तळपायाची आग मस्तकात गेली. दिवाळीनंतर मी आठ दिवस अंधेरीला भावाकडे गेले होते. तेव्हाच हिने साडी नेसली, देवापुढे उदबत्ती लावताना जाळली आणि गुपचूप ठेवून दिली. माझी खात्रीच पटली. तिला विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर नाहीच म्हणाली असती. मला उत्तर नको होतं, तिला लागायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे यायच्या तासभर आधी ती न्हाऊन, वेणी घालून माझ्यापुढे आली. "वहिनी, साडी दे ना."

मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते. मान वर न करता म्हणाले, "माझ्या आईची साडी आहे ती. कुणाच्याही अंगावर घालायला नाही."

ती आतल्या खोलीत गेली. मग रोजची नायलॉनची साडी नेसून, रडून सुजलेल्या डोळ्यांनी पाहुण्यांसमोर बसली. एका प्रश्नाचं धड उत्तर तिला देता आलं नाही. चार दिवसांनी नकार आला. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

मग मी साडी घेऊन रफूवाल्याकडे गेले. "उदबत्तीने जळलीय," मी म्हटलं. म्हाताऱ्याने भोक उजेडात धरलं. "जळली कुठे, बाई? रेशीम जळलं तर कडेला काळा खडा धरतो, बोटाला टोचतो. ही कड साफ आहे. ही खाल्लीय." त्याने घडी झटकली. गादीवर भाताच्या तुसासारख्या दोन पोकळ काती पडल्या आणि एक जिवंत अळी, आखूड, तपकिरी पट्ट्यांची, अंगभर केस असलेली. "इथे काय सांडलं होतं काय? डागावर आधी तोंड घालतात. घरात पाखराचं घरटं आहे? पिसांत वाढतात हे, मग खाली कपड्यांत उतरतात."

मी तडक घरी आले आणि फोटो उतरवला. चिमण्या केव्हाच उडून गेल्या होत्या. घरटं मात्र वळवळत होतं. खिडकीच्या काचेवर चैत्रात ठिपक्याठिपक्यांचे बारके गोल किडे बसायचे, ते मी शंभरदा पाहिले होते. ते ह्यांचेच आईबाप. सासूबाई "गो, काय करतंस!" म्हणेपर्यंत घरटं पेटत्या शेगडीत गेलं होतं.

पुढचे चार दिवस मी सूड घेतला. शाल, स्वेटर, गाद्या सगळं उन्हात टाकलं आणि शिवणी ब्रशने घासून काढल्या. ट्रंकेत उकळतं पाणी ओतलं, भिंतीच्या फटींत रॉकेलचे बोळे फिरवले. अळी दिसली की नखाखाली, शिवी देऊन. साडी रिठ्याच्या पाण्यात धुतली, नियम गेला खड्ड्यात. डांबरगोळ्या पुरचुंडीत बांधून जरीला लागणार नाहीत अशा झाकणाला टांगल्या. ट्रंकेच्या वाकड्या कडीमुळे झाकणाला फट राहायची, ती कडी बदलून घेतली. आठवड्याने घरात एक अळी सापडेना.

माझा राग मात्र उरला होता आणि तो आता माझ्यावरच होता. नणंदेशी बोलायचं रोज ठरवायची. जीभ काही वळायची नाही.

वर्षाने तिचं बोरिवलीला जमलं. साखरपुड्याच्या सकाळी रफू केलेली साडी इस्त्री करून मी तिच्यापुढे धरली. ती कांदा चिरत बसली होती.

"ही तुझी. कायमची," मी म्हणाले. "मला वाटलं होतं तू जाळलीस. किड्यांनी खाल्ली होती गं. चुकलं माझं."

तिची सुरी थांबली नाही. मान वर न करता ती म्हणाली, "राहू दे, वहिनी. कुणाच्याही अंगावर घालायला नाही ती."