मायाबाई पाहुण्यांत बसली तो दिवस

“माणूस एका दिवसाचा नसते गा,” असं मायाबाई उठताबसता म्हणायची. दिवसभर पंडरीच्या कापडबाजारातल्या दुकानात साड्यांच्या घड्या उलगडायची, पुन्हा घालायची, आणि दुपारी डबा खाता खाता गठ्ठ्याला टेकून पुस्तक वाचायची. नोकरी सांभाळून, घरूनच पदवीचा अभ्यास चालला होता. विषय गुन्हेगारशास्त्र आणि मानसशास्त्र. पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, लोक तिला ‘थानेदारीन’ म्हणून चिडवत.

अभ्यासासाठी तिला तुरुंगातून सुटलेल्या एखाद्या माणसाशी बोलायचं होतं. शेजारचा नत्थू बोलला. तरुणपणी उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून लोखंड चोरलं आणि आत गेला, हे बायकोशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. मायाबाईनं मान खाली घालून सगळं ऐकलं. नत्थूला हलकं वाटलं. पण आपण बोललो, हे काही त्यानं बायकोला, सत्यभामेला, सांगितलं नाही.

तिथंच घोटाळा झाला. पोरीला, रुचिताला, पाहायला पाहुणे आले, तेव्हा शिकलेली बाई घरात दिसावी म्हणून सत्यभामेनं मायाबाईलाच आणून बसवलं.

पोह्यांच्या बशांचं ताट घेऊन नत्थू दारातच थबकला. मुलाचे वडील तुळशीराम, रेल्वेतले, विचारत होते, “काय शिकून राहिल्या ताई?”

“गुन्हा करनाऱ्याचं मन.”

“बाप रे! मंग भेटला का एखादा चोर? का आमालेच पाहून राहिल्या?”

सगळे हसले. 

“भेटला.”

“कोन्त्या पाऱ्यातला?”

“थे नाई सांगत भाऊ. त्यानं भरोसा ठेवला. थो मोडला तं माह्यं शिक्षन चुलीत.”

तुळशीरामांचं हसू विरलं. त्यांची नजर भिंतीवरून, दारावरून फिरू लागली.  आज झाकलं आणि उद्या उघडं पडलं, तर रुचिताला त्या घरात जन्मभर ऐकून घ्यावं लागेल, असं नत्थूला वाटलं. त्यानं ताट खाली ठेवलं.

“थो चोर मीच आहो, भाऊ.”

सत्यभामेनं तोंडाला पदर लावला. 

मायाबाई उठली. “माणूस एका दिवसाचा नसते, भाऊ,” ती तुळशीरामांना म्हणाली. “मी या नत्थूभाऊले रोज पाहते. येते. जय भीम.”

पिशवी खांद्याला लावून ती गल्लीतून चालू लागली. नत्थू दारात उभा राहिला. मागं कोणीतरी बशी उचलल्याचा आवाज झाला. खायला की परत सरकवायला, ते पाहायची त्याची छाती होईना. मायाबाई वळणाआड होईपर्यंत तो तिच्याकडेच पाहत राहिला.