सिस्टरांचा पेनड्राइव्ह

दौंडला स्टेशनातून बाहेर पडून बाजाराकडं निघालं की एका भांड्यांच्या दुकानाच्या वर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. आठ मशीन, एक इन्व्हर्टर आणि शिकवायला मी. बी.कॉम. होऊन वर्ष झालं होतं. वडील रेल्वेत, घर कॉलनीत, आणि आमच्या ओळीतल्या मुलींमध्ये नोकरीला लागलेली मी पहिली. माझ्या दुप्पट वयाची माणसं मला 'मॅडम' म्हणायची. त्या शब्दाची चव मला फार लवकर लागली.

सरकारी नोकरांना कॉम्प्युटरची परीक्षा सक्तीची झाली होती, ते दिवस. सकाळच्या बॅचला वीस जण पाळीपाळीनं मशीनवर बसायचे, ग्रामसेवक, तलाठी, झेडपीचे शिक्षक, आणि त्यांच्यात एकच बाई, सिस्टर. वरवंडच्या बाजूला एका उपकेंद्रात त्या नर्स होत्या. त्याआधीची बरीच वर्षं मांडवगण फराट्याकडं गेलेली. पन्नाशी ओलांडली होती. चपला जिन्यातच काढायच्या, खुर्चीत बसण्याआधी कीबोर्डला हात लावून तो कपाळाला लावायच्या आणि मग एका बोटानं टाइप करायला सुरुवात.

मला त्यांचा राग यायचा. त्या सावकाश शिकायच्या म्हणून नव्हे, प्रश्न विचारायच्या म्हणून. आणि त्यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं मला येत नसायची.

टायपिंगच्या सरावाला मी सगळ्यांना एक छापील उतारा दिला होता. सिस्टरांनी दोन दिवसांत तो बाजूला ठेवला आणि घरून वह्या आणायला लागल्या. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून झालेली सगळी बाळंतपणं त्या वह्यांत होती. सरकारी रजिस्टर वेगळं, हे त्यांचं स्वतःचं. एकदा मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. 'पहिली खेप. मुलगी, पायाळू. रडली नाही. पाठीवर थापटलं, मग रडली.' त्याखाली, 'बैलगाडीत झालं. मुलगा. गाडीवानानं तोंड फिरवून बैल धरले.' आणखी खाली, 'पाचवी मुलगी. बापानं बघितली नाही. मी बघितली.'

उपकेंद्राचं छत गळून वह्या भिजल्या होत्या, शाई पसरली होती, पानं एकमेकांना चिकटली होती. सिस्टर एकेक पान सोडवून टाइप करायच्या आणि पेनड्राइव्हवर ठेवायच्या.

"टाइप झालं की ह्या कशाला सांभाळता?" मी म्हणाले. "कुबट वास येतो क्लासभर. कॉम्प्युटरमध्ये आलं म्हणजे आलं."

"व्हय? मग टाकू बंबात?"

"टाका की."

त्यांनी माझं ऐकलं. टाइप झालेली वही दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या पाण्याखाली जाळायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "मॅडम, ह्याची एक कॉपी हितं मशीनमधी बी ठीवू का?" विद्यार्थ्यांच्या फायली मशीनवर ठेवायच्या नाहीत असा क्लासचे मालक असलेल्या सरांचा नियम होता. तो मी बाकी कुणाला फारसा लावत नव्हते. सिस्टरांना लावला.

परीक्षा जवळ आली तसं सरांनी कुठूनतरी सराव परीक्षेची सीडी आणली. चोरून केलेली कॉपी होती. मी ती घालायला गेले की मशीन अडवायचं. नव्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस अडवणारं संरक्षण मुळातच आलेलं होतं, ते त्या सीडीतली एक फाइल पुन्हा पुन्हा बाहेर फेकायचं.

"ते बंद करून टाक," सर म्हणाले.

आठही मशीनवरचं मी दहा मिनिटांत बंद केलं. त्या दिवसापासून प्रत्येक पडद्याच्या कोपऱ्यात एक लाल खूण दिसायला लागली. एकोणीस जणांना ती दिसली नाही, किंवा दिसून काही वाटलं नाही. सिस्टरांनी विचारलं.

"मॅडम, ते लाल कशाचं हाय? आमच्याकडं लाल म्हंजी धोका."

"तुमच्या कामाचं नाही ते. तुम्ही टायपिंग करा."

मागच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. मला बरं वाटलं.

तीन आठवड्यांनी एका सोमवारी सगळीच मशीन बिघडली. फोल्डर उघडेनात, माउस अडखळायला लागला, परीक्षा आठ दिवसांवर. सर वर आले आणि दारातूनच ओरडले, "हा रोग आणला कुणी?"

पेनड्राइव्ह आणखी चौघांकडं होते. मी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "सिस्टर रोज पेनड्राइव्ह लावतात," मी म्हणाले.

वाक्य खरं होतं. म्हणूनच ते मला इतकं सहज बोलता आलं.

सरांनी त्यांना उभं केलं. "सिस्टर, गावाला लस टोचता आणि आमच्या मशीनला आजार देता?" सगळी बॅच हसली. एक ग्रामसेवक म्हणाला, "आता मशीनला डोस पाजा, दोन थेंब." पुन्हा हशा. सिस्टर पदर दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या. पन्नाशीच्या बाईला उभं राहून वीस जणांसमोर बोलावं लागलं, "माझ्याकडनं झालं असंल तर माफी करा. मला त्यातलं कळत न्हाई."

मी त्यांचा पेनड्राइव्ह मागून घेतला आणि लावला. त्यांच्या फोल्डरच्या जागी फोल्डरसारखंच दिसणारं काहीतरी होतं. दाबलं तर उघडेना.

"गेलं सगळं," मी म्हणाले. "फॉरमॅट करावा लागेल. नाहीतर पुन्हा पसरेल."

"त्यात माझं लिवलेलं हाय."

"होतं."

"मॅडम, वह्या न्हाईत आता. तुम्हीच म्हणला व्हता..."

पडद्यावर प्रश्न आला, सगळं पुसलं जाईल, चालेल का? तो प्रश्न मी सिस्टरांना विचारला नाही. सगळे बघत होते, आणि आपल्याला यातलं कळतं हे मला दाखवायचं होतं. मी 'हो' दाबलं. सव्वीस वर्षं पुसायला मिनिटसुद्धा लागलं नाही.

त्यांनी पेनड्राइव्ह घेतला, रुमालात बांधला, आणि जिन्यात जाऊन चपला घातल्या. परत आल्या नाहीत. बॅच त्यांना आठवडाभर 'व्हायरसबाई' म्हणत होती. मी कुणाला थांबवलं नाही. एकदा तर मीही म्हणाले.

मशीन तशीच आजारी होती. शेवटी बुधवारी दुपारी क्लास रिकामा असताना मी ते संरक्षण पुन्हा चालू करायला बसले. सेटिंगमध्ये सुरक्षेचं पान उघडलं. 'बंद आहे' असं लाल पट्टीत लिहिलेलं होतं आणि शेजारीच चालू करायचं बटण. एवढंच होतं ते, एक क्लिक. तीन आठवड्यांत कधीही करता आलं असतं. मग त्याला व्हायरसांची नवी यादी हवी होती. इंटरनेट फोनच्या तारेवरचं, ती उतरायला तास गेला. मध्येच लोडशेडिंग सुरू झालं, इन्व्हर्टरवर एकच मशीन चालवलं आणि पूर्ण तपासणी लावली.

चार वाजता तपासणीत सापडलेल्यांची यादी पुढं आली. व्हायरस सराव परीक्षेच्या फोल्डरात होता. शेजारी तारीख होती, मी ती सीडी घातली त्या दिवसाची. पुढची मशीन एकेक करून तपासली, सगळीकडं तेच. सिस्टरांनी आमच्याकडं रोग आणला नव्हता. आमच्याकडून नेला होता.

मी सरांना यादी दाखवली.

"चालू झालं ना आता? साफ झालं ना?" सर म्हणाले. "मग संपलं. बॅचपुढं हे काढायचं नाही."

"आणि सिस्टर?"

"त्या काय, सोडून गेल्या."

मी काढलं नाही. खरं सांगायचं तर सरांनी गप्प बसायला सांगितल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं.

महिन्याभरानं मशीन दुरुस्तीला येणाऱ्या माणसापुढं एका विद्यार्थ्याचा पेनड्राइव्ह आला. तसंच नकली फोल्डर, तसंच उघडेना. त्या माणसानं पडद्यावर सेटिंगची एक खिडकी उघडून 'लपलेल्या फायली दाखवा' यापुढं खूण केली, आणि मुलाचं सगळं काम फिकट रंगात समोर आलं. "हा व्हायरस काही खात नाही," तो म्हणाला. "नुसतं लपवतो. येडी लोकं घाबरून फॉरमॅट मारतात."

तो गेल्यावर मी हजेरीपत्रकातून सिस्टरांच्या उपकेंद्राचा पत्ता काढला.

पुढच्या गुरुवारी मी एसटीनं वरवंडला गेले आणि तिथून जीपनं उपकेंद्रावर. लसीकरणाचा दिवस होता. ओसरीत लेकुरवाळ्या बायका बसलेल्या. सिस्टर टेबलाशी होत्या. मी बाजूला उभी राहून सगळं सांगितलं, सीडी, लाल खूण, तारीख, लपलेल्या फायली. त्यांनी मान वर केली नाही. एका बाळाच्या मांडीला सुई टोचली, कापूस दाबला, त्याच्या आईला ताप आला तर काय करायचं ते सांगितलं. मग माझ्याकडं वळल्या.

"मला म्हाईत हाय. शिरूरला दुसऱ्या क्लासला जाती मी. तिथल्या शिकवणाऱ्या पोरीला झालेलं सांगितलं तवा ती म्हणली, नुसतं लपलं व्हतं म्हणून."

"सिस्टर, माझं चुकलं. माफ करा."

"माफी हितं कशाला मागती? मला वीस जणांत उभी केली व्हती. हितं कोण हाय ऐकायला?"

मी म्हणाले, "पेनड्राइव्ह द्या. फॉरमॅट केलेलंही कधीकधी परत येतं. मी पुण्याला नेते, प्रयत्न करते."

पेनड्राइव्ह त्यांच्या टेबलाच्या खणात होता. खण अर्धा उघडा होता, मला तो दिसत होता. सिस्टरांनी खण लावला.

"तुझ्या हातात न्हाई देणार," त्या म्हणाल्या. "गेलेलं परवडलं."

मग पुढच्या बाईला हाक मारली आणि मला म्हणाल्या, "बाजूला सर, पोरी. उजेड अडतोय."

शिरूरला त्या परीक्षा पास झाल्या, हे मला 'दोन थेंब' म्हणणाऱ्या त्याच ग्रामसेवकाकडून कळलं. तोवर आमची बॅच संपली होती, बाकीची माणसं आपापल्या गावाला पांगली होती. त्यातले बरेच जण नंतर मला बाजारात, स्टेशनवर भेटले, थांबून 'मॅडम, कशा आहात' म्हणाले. मी हसून बोलले. त्यांच्यापैकी एकालाही मी त्या सीडीचं सांगितलं नाही.