कारवारला आलेली लढाऊ बोट

माझा धाकटा भाऊ कॉलेज अर्ध्यावर टाकून आरमारात शिरला, तेव्हापासून आप्पांनी त्याचं नाव टाकलं होतं. धारवाडात सारा जन्म मास्तरकीत घालवलेला माणूस. मुलगा वकील व्हावा ही त्यांची आस, आणि हा बोटीवर तारा पाठवत बसलेला. त्याची पत्रं ते फोडतसुद्धा नसत. म्हणून लढाईच्या तिसऱ्या वर्षी त्याची बोट कारवारला येणार असा निरोप आला, आणि "जाऊन येऊ या की," असं आप्पाच म्हणाले, तेव्हा आई दुखऱ्या गुडघ्यांनिशी देवापुढं साखर ठेवायला धावली.

निरोप आला तो हुबळीला, माझ्या सासरी. भावाच्या बोटीवरच्या एका जोडीदाराचं घर कारवारात होतं, त्यांनी माणूस धाडला. पण त्याआधी महिनाभर भावाचं मला एक पत्र आलं होतं, ते मी कुणाला दाखवलं नव्हतं.

त्यानं लिहिलं होतं, "अक्का, इथं नियम असा, की ठेवायची तर दाढी-मिशी दोन्ही, नाहीतर एकही नाही. माझ्या दाढीचे चार केस पाहून साहेब हसला. मिशी उतरवावी लागली. आप्पांना तू आधी सांगून ठेव."

आमच्यात मुलगा मिशी उतरवतो ती आईबाप गेल्यावर. हल्लीच्या मुलांना हे सांगितलं तर हसतात. आप्पांना त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

मी सांगितलं नाही. सांगितलं तर ते निघायचेच नाहीत, अशी भीती वाटली. दुसरं म्हणजे, तोवर वाढवील की परत, सुंठीवाचून खोकला जाईल, असंही मनाशी म्हटलं. मी भित्री आहे. घरात सगळे मला समजूतदार म्हणत, ते याच गुणामुळं.

आईला प्रवास झेपणार नव्हता, म्हणून आप्पा आणि मीच निघालो. पेट्रोल मिळत नव्हतं, मोटर कोळशाच्या गॅसवर चालायची. यल्लापूर सोडल्यावर घाटात ती दोनदा थांबली. आईनं लेकासाठी दिलेला शेंगांच्या पोळ्यांचा डबा आप्पांनी वाटभर मांडीवरून खाली ठेवला नाही. मी मागितला तर म्हणाले, "राहू दे. तू कलंडवशील."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किनाऱ्यावर उभे राहिलो. बोट आली ती आधी दिसलीच नाही, रंग पाण्याचाच होता. मग एकाएकी डोंगराच्या आडून ती पुढं आली, लांब आणि बुटकी. तोफांवर ताडपत्र्या घातलेल्या, खिडक्या जवळजवळ नाहीतच. मला वाटलं होतं काहीतरी भव्य दिसेल. दिसलं ते माणसं मारायचं हत्यार, आणि त्याच्या पोटात आमचा मुलगा.

आप्पा मात्र खुलले. शेजारी जाळं नीट करणाऱ्या म्हाताऱ्याला त्यांनी कानडीत सांगितलं, "नम्म हुडुगा अदान अदराग." आमचा मुलगा आहे तिच्यात. हे वाक्य ते त्याच्यापुढं तीनदा म्हणाले. दोन वर्षं न घेतलेलं नावही त्यांनी त्याला सांगून टाकलं. त्याच वेळी मी त्यांना बाजूला घ्यायला हवं होतं. मी बोटीकडंच बघत राहिले.

बोट खोल पाण्यातच थांबली. तिच्यावरून एक होडी सोडली, तीत सातआठ जण. भाऊ वाळूवर उतरला, हसत पुढं आला आणि आप्पांच्या पाया पडायला वाकला. उठला तेव्हा त्याचा गुळगुळीत ओठ आप्पांच्या समोर होता.

आप्पा हळू आवाजात म्हणाले, "मी अजून आहे की रे. इतकी घाई कशाला केलीस?"

भावानं माझ्याकडं पाहिलं. अक्कानं सांगितलेलं नाही, हे त्याला त्या क्षणी कळलं. एक शब्द बोलला असता तर तो सुटला असता आणि मी उघडी पडले असते. तो बोलला नाही. मान खाली घालून उभा राहिला, आणि आप्पांना तो गुन्ह्याचा कबुलीजबाब वाटला.

ते वळले आणि चालू लागले. डबा त्यांच्या हातातच राहिला होता. भावाला दोन तासांची रजा होती. ती त्यानं वाळूवर बसून माझ्याशी आईच्या गुडघ्यांबद्दल बोलण्यात घालवली. मी त्याची माफी मागितली. "राहू दे अक्का, पुढच्या खेपेला बघू," म्हणाला.

पुढची खेप आली नाही. चार महिन्यांनी तार आली, बोट बुडाल्याची. कारवारचा जोडीदार वाचला. तो धारवाडला भेटायला आला आणि बोलता बोलता त्यानं दाढी-मिशीचा नियम आप्पांना सांगितला. मी आतल्या खोलीत होते. तेव्हाही बाहेर आले नाही.

आप्पा त्यानंतर सहा वर्षं जगले. शेवटच्या आजारात मी महिनाभर त्यांच्या उशाशी होते. एका दुपारी ते म्हणाले, "नियम होता तर एक ओळ लिहायची होती त्यानं. मास्तर माणूस मी. नियम मला कळला नसता काय? पण मला सांगावंसंच वाटलं नाही त्याला."

मी दुधाची वाटी त्यांच्या तोंडाशी धरली आणि म्हणाले, "हो आप्पा. लिहायला हवं होतं त्यानं."