नकाशासरांचा मार

नकाशासर आधी मारायचे, मग विचारायचे. भिंतीवरचा नकाशा गुंडाळायची सागवानी दांडी कायम त्यांच्या हातात असे. नकाशात वैनगंगा उलटी वाहवणाऱ्याच्या बोटांवर ती अशी बसे की दोन दिवस घास धरवत नसे. मुलगी म्हणून मला कधी सूट मिळाली नाही. मनातल्या मनात मी त्यांना भरपूर शिव्या घालत असे.

पण भूगोल शिकवावा तर त्यांनीच. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. शाळेच्या जुन्या नकाशावर त्यांनी स्वतः लाल शाईने हद्द ओढली. "भूगोल वाचाचा नसते, चालाचा असते," म्हणत ते आम्हाला रानात नेत आणि पावलं मोजून ज्याच्या त्याच्या गावाचा नकाशा काढायला लावत.

मी नववीत असताना आमच्या गावाजवळच्या जंगलात गोळीबार झाला, दोन माणसं मेली. चारच दिवसांनी बंदूकवाले जीपमधून उतरून थेट वर्गात शिरले. वह्या तपासताना एकाला माझा नकाशा सापडला. त्यात पाण्याची बोडी, म्हणजे गावचं छोटं तळं, होतं, नाल्याचा उतार होता, जंगलातली पाऊलवाट होती. हा कोणी काढला आणि कोणासाठी, असं त्याने विचारलं. मी उभी राहिले.

सरांनी खाडकन माझ्या थोबाडीत मारली. मी बाकावर आपटले, ओठ फुटला. मग पाठीवर, दंडावर दांडी पडत राहिली, ती मोडेपर्यंत. "या गधडीले उत्तर दिशा कुठी हाये तेच माहीत नाई," म्हणत त्यांनी नकाशाचे तुकडे तुकडे केले. "शिकवणारा मी हावो. न्याचं असंन तर मले न्या."

त्यांना खरंच नेलं.

आठवड्याने सर परतले ते उजव्या हाताची मोडलेली बोटं घेऊन. खडू धरवेना. जूनमध्ये नवीन पुस्तक आलं, त्यात गावाचा नकाशा नव्हताच. छापील आराखड्यात नद्यांची नावं भरली की झालं. भूगोलाचे दोन तास गणिताने नेले. सरांनी मारणंही सोडलं, आणि मला त्याचंच रडू यायचं.

दहावीनंतर मी त्यांच्या घरी गेले. तो मार माझ्या मनात सलत होता. माझ्या नकाशात काय चुकलं होतं, असं मी विचारलं. सरांनी वाकडी बोटं खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली घेतली.

"काहीच नाई चुकलं, बाई. तो नकाशा घेऊन कोणीबी अंधारात तुह्या दारापर्यंत पोचला असता. म्हणून तं मारलं."